मेडिकेडसाठी महिन्याला ८० तास काम: आर्कान्सामध्ये हे एकदा होऊन गेलंय

ओंजळ (धागाकर्ती)

गेले काही महिने इथे अमेरिकी राजकारणाच्या प्रत्येक धाग्यावर एक प्रश्न फिरून फिरून येतोय. ‘धडधाकट माणसाला सरकारी दवापाणी हवं असेल तर त्याने काम करावं, यात चुकलं काय?’ विचारणारे बरेचसे आपलेच लोक आहेत. दोन बॅगा घेऊन आले, राबले आणि उभे राहिले. त्यांचा राग मला कळतो. म्हणून प्रतिसादात दोन ओळी खरडण्यापेक्षा वेगळा धागा काढते आहे. लांबेल, पण वाचा.

मी वायव्य आर्कान्सामध्ये राहते. वॉलमार्टच्या मुख्यालयामुळे बेंटनव्हिलच्या आजूबाजूला मराठी घरं बरीच आहेत, त्यातलंच एक आमचं. राज्य पक्कं रिपब्लिकन. मी स्वतः डावीकडे झुकणारी, पुरोगामी म्हणा हवं तर, आणि ते लपवायचं मला काही कारण नाही.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यात ही अट आहे. ओबामांच्या २०१० च्या कायद्यामुळे ज्या प्रौढांना मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, मिळू लागलं (यालाच मेडिकेडचा ‘विस्तार’ म्हणतात), त्यातल्या १९ ते ६४ वयाच्या लोकांनी महिन्याला ८० तास नोकरी, शिक्षण, प्रशिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवायचं. राज्यांना त्यासाठी १ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे आईबाप, गरोदर बायका, गंभीर आजारी अशांना सूट आहे. शिवाय पात्रतेची तपासणी आता वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी.

बहुतेकांना हे नवीन वाटतंय. आम्हाला नाही. देशात पहिल्यांदा ही अट प्रत्यक्ष लागू झाली ती आमच्याकडे, जून २०१८ मध्ये. गव्हर्नर होते एसा हचिन्सन, आणि मेडिकेडचं केंद्रीय खातं सांभाळणाऱ्या सीमा वर्मा यांनी त्याच वर्षी जानेवारीत राज्यांना तशी मुभा दिली होती. पहिली पाळी ३० ते ४९ वयाच्या लोकांची. महिन्याला ८० तास, आणि पुढच्या महिन्याच्या ५ तारखेच्या आत ते राज्याच्या पोर्टलवर भरायचे. तीन महिने चुकले की विमा बंद, आणि वर्ष संपेपर्यंत दार उघडायचं नाही.

मी तेव्हा दर शनिवारी गावच्या वाचनालयात संगणकाच्या टेबलापाशी बसायची. लोकांना अर्ज भरायला, बायोडेटा टाइप करायला मदत करायची. ऑगस्टच्या सुमारास एक बाई आल्या. वय चाळिशीचं, हॉटेलात खोल्या आवरायच्या. पर्समधून चार घड्या घातलेलं सरकारी पत्र काढलं. पोर्टलवर खातं उघडायला ईमेल लागत होता, त्यांच्याकडे नव्हता. ईमेल काढायला घेतला तर फोनवर कोड येणार, आणि फोनमधले पैसे संपलेले. वाचनालयातल्या मुलीने स्वतःचा फोन दिला. मग पत्रावरचा क्रमांक टाकायचा, तर तो नेमका घडीवर आलेला, एक आकडा पुसट झालेला. तिसऱ्यांदा जमलं. मग कामाचे तास. त्यांना तास तोंडपाठ होते, कारण पगारच तासावर. पहिल्या महिन्याचे ९६. या सगळ्याला एक तास चाळीस मिनिटं लागली. उठताना त्यांनी विचारलं, “आता झालं ना कायमचं?” मी सांगितलं, दर महिन्याला करायचं आहे. त्यांनी खुर्चीची पाठ धरली आणि पुन्हा बसल्या.

ते पोर्टल रात्री ९ ते सकाळी ७ बंद असायचं. आर्कान्सामध्ये याचा खूप गाजावाजा झाला, कारण संकेतस्थळाला रात्रीची सुट्टी कोणी ऐकली नव्हती. माझ्या टेबलाशी येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची पाळी रात्री ११ ला सुटायची. फोनवरून तास सांगायची सोय झाली ती डिसेंबरात. तोवर लोकांची नावं उडालेली होती.

सप्टेंबरमध्ये एक गृहस्थ आले, छपरं शाकारायचं काम करणारे. विमा गेल्याचं पत्र हातात. जून, जुलै, ऑगस्ट, म्हणजे छपरांच्या कामाचा ऐन हंगाम. त्या माणसाच्या मानेवरची कातडी उन्हाने सोलून निघाली होती. आधीची पत्रं जुन्या पत्त्यावर गेली होती. त्यांनी काम केलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते कळवलं नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या ते त्या दिवसापासून एकाआड एक दिवस घेणार होते, असं त्यांनी मला अगदी शांतपणे सांगितलं.

वर्षअखेरपर्यंत आर्कान्सामध्ये १८ हजारांहून जास्त लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायाधीश जेम्स बोसबर्ग यांनी योजना थांबवली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मेडिकेडचा हेतू उपचाराची सोय करणं हा आहे, आणि किती लोक बाहेर फेकले जातील याचा विचारच सरकारने केला नाही.

मग काम तरी वाढलं का? हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. रोजगार वाढला नाही. ज्यांच्यावर अट लादली त्यांतले ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच अट पुरी करत होते किंवा सूट मिळायला पात्र होते. आणि एक तृतीयांश लोकांच्या कानावर ही अट गेलीच नव्हती. याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, विमा गेलेल्यांपैकी निम्म्यांनी सांगितलं की दवाखान्याची देणी फेडणं कठीण झालंय, आणि ६४ टक्क्यांनी औषधं पुढे ढकलली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे: ही कामाची अट नाहीच, कामाचा पुरावा देण्याची अट आहे. काम ते करतातच. पुरावा त्यांच्याकडून पुरा पडत नाही, आणि अर्थसंकल्पातली बचत नेमकी तिथून येते. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, अर्थसंकल्प कार्यालयाने २०२३ मध्येच, अशाच एका विधेयकाबद्दल, लिहून दिलं होतं की या अटीने लोकांचं काम किंवा कामाचे तास वाढणार नाहीत. २०२५ च्या कायद्यातल्या या एका कलमातून दहा वर्षांत सव्वातीनशे अब्ज डॉलरच्या आसपास वाचणार आणि २०३४ पर्यंत ५० लाखांच्या वर लोक विम्याविना राहणार, असा त्यांचाच अंदाज आहे. लोक कामाला लागून पगार वाढले आणि म्हणून मेडिकेड सोडलं, असं होऊन हे पैसे वाचणार नाहीत. लोक गळणार आहेत म्हणून वाचणार आहेत.

आणि ते वाचलेले पैसे त्याच कायद्यात २०१७ ची करकपात पुढे चालू ठेवायला लागले. त्या कपातीचा मोठा वाटा वरच्या उत्पन्नाच्या लोकांना जातो. मला याचा संताप येतो.

-----

बाभूळबन

ओंजळताई, मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासूनच उत्तर देतो. मी डॅलसजवळ छोटा धंदा चालवतो, १९९८ ला आलो. मी रिपब्लिकनांना मत देतो, इथे ते सर्वांना माहीत आहे.

महिन्याला ८० तास म्हणजे आठवड्याला २० तास. अर्धवेळ. हे मागणं क्रूर आहे असं मला वाटत नाही. माझ्याकडे काउंटरवर माणूस मिळत नाही, पाटी महिनोन्‌महिने तशीच लटकते. देशावर ३६ ट्रिलियन डॉलरच्या वर कर्ज आहे. ते कोण फेडणार? माझी मुलं.

आणि इतिहास बघा. १९९६ मध्ये वेल्फेअरला, म्हणजे गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला, कामाची अट घातली ती डेमोक्रॅट क्लिंटननी. तेव्हाही ‘लोक रस्त्यावर येतील’ अशी ओरड झाली. प्रत्यक्षात एकट्या आया मोठ्या संख्येने कामाला लागल्या. पोर्टल वाईट होतं, मान्य. मग पोर्टल सुधारा, अट कशाला टाकून देता? खाऊन-पिऊन सुखी तरुण पोरगा सोफ्यावर पडून राहतो आणि त्याचा विमा मी भरतो, हे मला पटत नाही.

-----

ओंजळ

बाभूळबन, धन्यवाद. तुमच्या मुद्द्यांना टाळाटाळ न करता उत्तर देते.

सोफ्यावरचा तरुण. हाऊसचे सभापती माइक जॉन्सन यांनीही दिवसभर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या तरुणांचाच दाखला दिला होता. असा मुलगा कुठेच नाही असं मी म्हणत नाही. पण केएफएफ ही आरोग्यधोरणाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिची आकडेवारी पाहा. अपंगत्वाचा भत्ता किंवा मेडिकेअर (वृद्ध आणि अपंगांचा सरकारी विमा) नसलेल्या, ६५ च्या आतल्या प्रौढ मेडिकेडधारकांपैकी ६४ टक्के नोकरी करतात. आजारी, घरच्यांची शुश्रूषा करणारे आणि शिकणारे धरले तर ९२ टक्के. उरलेल्या आठांमध्ये निवृत्त झालेले आहेत, काम शोधणारे आहेत. त्या एका मुलाला पकडायला जाळं टाकायचं आणि त्यात छपरं शाकारणारा माणूस सापडायचा, असं आमच्याकडे झालं.

आठवड्याला २० तास. तुमच्याकडे काउंटरवर ठरलेली पाळी असेल. हॉटेलात, शेतात, बांधकामावर तास मालक ठरवतो. पाऊस लागला की छपराचं काम बंद. मंदीच्या आठवड्यात आचाऱ्याला सांगतात, उद्या येऊ नको. महिन्याला ७४ तास भरले तर सहा तास आणायचे कुठून? नव्या कायद्यात एक बरी गोष्ट आहे. महिन्याला ५८० डॉलर कमाई दाखवली तरी चालतं, आणि हंगामी कामगारांना सहा महिन्यांची सरासरी धरता येते. पण ५८० हा आकडा आला कुठून? केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, गुणिले ८०. ते वेतन जुलै २००९ पासून एका सेंटने वाढलेलं नाही. कामाला प्रतिष्ठा आहे म्हणणाऱ्या पक्षाने कामाचा दर सोळा वर्षं तिथेच गोठू दिला, याबद्दल तुम्ही तुमच्या प्रतिनिधीला जरूर विचारा.

१९९६. एकट्या आया कामाला लागल्या हे खरं. तुम्ही ते म्हणालात हे बरं केलंत, आमच्या बाजूचे लोक ते कबूल करत नाहीत. पण तेव्हा बाजार तेजीत होता आणि कमी पगारावर मिळणारी करसवलत १९९३ मध्ये भरपूर वाढवली होती. तेजी गेली, अट राहिली. १९९६ मध्ये शंभर गरीब कुटुंबांमागे ६८ जणांना रोख मदत मिळायची, २०२० मध्ये २१ जणांना. गरिबी तेवढी घटली नाही, मदत घटली. केंद्राचा निधीही १९९६ मध्ये साडेसोळा अब्ज डॉलरवर बांधला तो जवळपास तिथेच आहे. महागाईने त्यातलं किती खाल्लं ते तुम्ही धंदेवाले माझ्याहून चांगलं जाणता.

आणि कर्ज. त्याच अर्थसंकल्प कार्यालयाच्या हिशोबाने हा कायदा कर्ज दहा वर्षांत तीन ट्रिलियनहून जास्त वाढवतो. मेडिकेड कापूनसुद्धा. तुमच्या मुलांची काळजी मलाही आहे.

-----

कण्हेर

मी मिझूरीच्या ग्रामीण भागात एका छोट्या रुग्णालयात परिचारिका आहे. राजकारणावर सहसा लिहीत नाही.

विमा नसला म्हणून माणूस आजारी पडायचा थांबत नाही. तो आमच्याकडे आपत्कालीन विभागात येतो, रात्री दोनला, पायाची जखम काळी पडल्यावर. त्याला तपासल्याशिवाय, स्थिर केल्याशिवाय आम्ही परत पाठवू शकत नाही. हा कायदा १९८६ चा आहे आणि त्यावर सही रेगन यांची आहे. म्हणजे खर्च होतोच. साखरेच्या गोळ्यांचा झाला असता तो पाय कापायच्या शस्त्रक्रियेचा होतो. आणि तो कुणीच भरत नाही, म्हणून रुग्णालयाच्या अंगावर पडतो. आमचा प्रसूती विभाग चार वर्षांपूर्वी बंद झाला. आता बाळंतपणाला पन्नास मिनिटं गाडी हाकावी लागते. गेल्या हिवाळ्यात एका मुलीला पेट्रोल पंपावर कळा सुरू झाल्या, रुग्णवाहिका आम्ही पाठवली. आई आणि बाळ दोघं ठीक आहेत.

देशातल्या दर दहा बाळंतपणांपैकी चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. नर्सिंग होममधल्या दहांपैकी सहा वृद्धांचाही. ‘सोफ्यावरचा तरुण’ हे चित्र माझ्या वॉर्डात मला तरी दिसत नाही.

बाभूळबन, तुमच्या पक्षाचे मतदार काय म्हणतात तेही सांगते. ऑगस्ट २०२० मध्ये मिझूरीत मेडिकेड विस्तारावर लोकांनी थेट मतदान केलं. ५३ टक्क्यांनी तो मंजूर केला आणि राज्यघटनेत घातला. तीन महिन्यांनी त्याच राज्याने ट्रम्प यांना जवळजवळ ५७ टक्के मतं दिली. त्यातली काही माणसं तीच आहेत. माझा नवराच त्यातला एक आहे.

-----

उतरंड

कण्हेर +१. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी अटलांटात आहे. ज्यांना ‘पोर्टल सुधारा, अट ठेवा’ असं वाटतं त्यांनी आमच्याकडे यावं. जॉर्जियाने सरळ विस्तार नाकारला आणि १ जुलै २०२३ पासून कामाच्या अटीसह ‘पाथवेज’ सुरू केली. गव्हर्नर केम्प यांची लाडकी योजना. पहिल्या वर्षात २५ हजार लोक येतील असा अंदाज होता. आले साडेचार हजारांच्याही आत. आणि प्रशासनावर, म्हणजे संगणकप्रणाली, सल्लागार, जाहिराती यांवर झालेला खर्च उपचारांवरच्या खर्चाच्या दुप्पट. औषधाला एक डॉलर आणि तपासणीला दोन.

छोटं सरकार हवं म्हणणाऱ्यांनी उभं केलेलं हे सरकार बघा. गरिबाचे तास मोजायला माणसं, ती मोजणारी यंत्रं, त्या यंत्रांची कंत्राटं.

-----

बाभूळबन

उतरंड, जॉर्जियाचे आकडे वाईट आहेत, मी त्यांचं समर्थन करणार नाही. कण्हेर, तुमचं काम फार मोठं आहे.

तरी मला एक सांगा. गैरव्यवहार होतो की नाही? पात्र नसलेले लोक यादीत असतात की नाही? माझ्या ओळखीत एक जण रोखीने धंदा करतो, उत्पन्न कागदावर दाखवत नाही आणि मेडिकेड घेतो. असे लोक बघितले की सरळ माणसाचं डोकं फिरतं. विस्तार झालेल्या गटाचा ९० टक्के खर्च केंद्र उचलतं, म्हणजे राज्यांना तपासणी काटेकोर करायची गरजच वाटत नाही. हा प्रश्न तुम्ही पुरोगामी मंडळी कधीच अंगावर घेत नाही.

-----

ओंजळ

घेते.

तुमच्या ओळखीतला माणूस करचोरी करतो, आणि त्याला पकडलंच पाहिजे. मला त्याच्याबद्दल अजिबात सहानुभूती नाही. पण महिन्याला ८० तासांच्या अटीत तो अडकेल का? रोखीचा धंदा आहे, हिशोबाची समज आहे, संगणक आहे, मित्राच्या दुकानाचं पत्र आणेल. अशी अट हुशार माणूस पार करतो. पत्ता बदललेला मजूर पार करत नाही. उत्पन्न तपासायचं तर कर खात्याकडे माणसं हवीत, आणि कर खात्याला आणखी मनुष्यबळ द्यायला तुमच्याच पक्षाचा विरोध आहे.

आणि मोठा गैरव्यवहार कुठे झाला ते आठवा. मिसिसिपीत गरिबांच्या रोख मदतीचे ७ कोटींहून जास्त डॉलर चुकीच्या कामांना गेले. त्यातून एका विद्यापीठात व्हॉलीबॉलचं सभागृह बांधलं गेलं. हे उघड केलं ते राज्याच्या रिपब्लिकन लेखापरीक्षकानेच, २०२० मध्ये, आणि त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायला हवं. त्या पैशांवर हात मारणाऱ्या बड्यांना कुणी दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत तास भरायला लावले नव्हते.

तुमच्या पक्षात वेगळा आवाज नाही असंही नाही. नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर टॉम टिलिस यांनी सभागृहात उभं राहून विचारलं की माझ्या राज्यातल्या ६ लाख ६३ हजार लोकांना मी काय सांगू. त्याच दिवशी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं, आणि दोन दिवसांनी विरोधात मत दिलं. मिझूरीचे जॉश हॉली यांनी मे महिन्यात मोठा लेख लिहून मेडिकेड कापणं नैतिकदृष्ट्या चूक आहे असं म्हटलं, आणि जुलैत बाजूने मत दिलं. सिनेटमध्ये ५०-५० झाली होती, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने विधेयक निघालं. एक मत. कण्हेर, तुमचे सिनेटर आहेत ते, म्हणून लिहिलं. मला अजून ते मागे टाकता आलेलं नाही.

आता एक गोष्ट, जी मला मूळ धाग्यातच लिहायची होती.

आमच्या शेजारच्या स्प्रिंगडेलमध्ये मार्शल बेटांवरचे हजारो लोक राहतात, मुख्य भूमीवरची त्यांची सर्वांत मोठी वस्ती. बरेचसे कोंबडीच्या कारखान्यांत कामाला. १९४६ ते १९५८ दरम्यान अमेरिकेने त्यांच्या बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. करारानुसार त्यांना इथे राहायचा, काम करायचा हक्क आहे. पूर्वी मेडिकेडही होतं. १९९६ च्या त्याच सुधारणा कायद्यात ते गेलं, आणि परत मिळालं ते डिसेंबर २०२० मध्ये. चोवीस वर्षं. या लोकांनी या सगळ्या काळात पट्ट्यासमोर उभं राहून थंडगार खोलीत कोंबड्या कापल्या, कर भरला. त्यांच्यात मधुमेह अतिशय जास्त आहे. २०२० च्या उन्हाळ्यात कोविड आला तेव्हा आमच्या भागात त्यांची माणसं बाकीच्यांच्या कितीतरी पट दगावली. माझ्या टेबलाशी एक मार्शलीज आजोबा नातवाला घेऊन यायचे. त्यांच्या बोटांची टोकं वर्षानुवर्षांच्या थंडीने आणि सुरीने इतकी गुळगुळीत झाली होती की फोनचं बोटाचं कुलूप उघडायचं नाही, नातू आकडे दाबून उघडायचा.

काम आधी करा आणि मग उपचार मिळतील, हे या माणसांना सांगायचं होतं कुणी? त्यांनी काम केलंच होतं. उपचार मिळाले नाहीत.

-----

शिवारफेरी

मी अमेरिकेत नाही, बीड जिल्ह्यात आहे. धागा पहिल्यापासून वाचतोय. एक फरक नोंदवावासा वाटला.

आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात काम मागायचा हक्क मजुराचा आणि ते द्यायची जबाबदारी सरकारची. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. हजेरीचं मस्टर ठेवायचं ते मुकादमाने, मजुराने नाही. माझे वडील बंधाऱ्याच्या कामावर मस्टर लिहायचे. त्यात घोळ व्हायचे, खोट्या हजेऱ्या लागायच्या, भत्ता कधी मिळालेला मी पाहिला नाही, हे सगळं मान्य. पण जबाबदारी कोणाकडे आहे ते स्पष्ट होतं.

तुमच्याकडे सरकार काम देणार नाही, मालक तास देणार नाही, आणि मस्टर मात्र मजुराने स्वतः लिहून वर पाठवायचं. न पाठवलं तर दवाखाना बंद. बाभूळबन साहेब, कामाची अट घालायची तर कामाची हमी आधी द्यायला नको का?

आणि अंगठ्याचं ओंजळताईंनी लिहिलं ते वाचून थांबलो. रेशन दुकानात माझ्या आईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. आयुष्यभर ऊसतोडणी केली तिने.

-----

बाभूळबन

शिवारफेरी, हमीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मी अजूनही मानतो की काम करू शकणाऱ्याने काम करावं. पण हजेरी ठेवायची जबाबदारी मालकाची आणि सरकारची असावी, हे मला पटतं. पगाराची नोंद माझ्याकडून राज्याला दर तिमाहीला जातेच. ती सरळ वापरली तर माझ्याकडच्या कामगारांना काही भरावं लागू नये. हे मी आमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला लिहीन. टेक्सासने विस्तार केलेलाच नाही, त्यामुळे इथे ही अट लागू होणार नाही, पण लिहीन.

-----

ओंजळ

बाभूळबन, लिहा. तुमच्यासारख्याचं पत्र माझ्या दहा पत्रांपेक्षा जास्त वाचलं जाईल. आणि टेक्सासने विस्तार केलेला नाही म्हणजे तिथल्या मूल नसलेल्या गरीब प्रौढाला कितीही तास भरले तरी मेडिकेड नाही, हेही त्या पत्रात घालता आलं तर पाहा. विस्तार न केलेली दहा राज्यं अजून आहेत, त्यातल्या बहुतेकांत तीच स्थिती आहे.

-----

चांदणवेल

ओंजळ, एक व्यवहाराचा प्रश्न. माझा धाकटा दीर नागरिक आहे, ओहायोत असतो, २६ पूर्ण झाल्यावर आईवडिलांच्या विम्यातून बाहेर पडला. कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकतो आणि शनिवार-रविवार एका दुकानात काम करतो. मेडिकेडवर आहे. त्याचं काय होईल? सगळे घाबरलेत घरी.

-----

ओंजळ

घाबरू नका, पण आतापासून तयारी करा.

कॉलेजात निम्म्या वेळेचा किंवा त्याहून जास्त प्रवेश असेल तर तेवढ्यावर अट पुरी होते. त्याहून कमी असेल तर दुकानातले तास आणि कमाई दाखवावी लागेल. त्याला सांगा: पगाराची प्रत्येक पावती आणि सत्राच्या प्रवेशाचा कागद एका ठिकाणी ठेव. पत्ता आणि फोन राज्याच्या खात्यात आजच तपासून घे, भाड्याची खोली बदलली की त्याच आठवड्यात कळव. खात्याकडून आलेलं कुठलंही पाकीट न उघडता ठेवू नकोस. उन्हाळ्याच्या सुट्टीत काय धरतात ते खात्याला आधी लेखी विचारून ठेव. आणि हे त्याला नीट समजावा: या अटीमुळे मेडिकेड गेलं तर बाजारातल्या विम्यावर मिळणारी सरकारी सवलतही मिळत नाही. कायद्यात तसं लिहिलंय. त्यामुळे ‘गेलं तर दुसरं घेऊ’ हा मार्ग नाही.

आमच्या वाचनालयात ते शनिवारचं टेबल मी पुन्हा लावते आहे. बेंटनव्हिल, रॉजर्स, स्प्रिंगडेल भागातलं कुणी हे वाचत असेल तर मला निरोप टाका. महिन्यातून दोन शनिवार, दहा ते दोन. स्पॅनिश किंवा मार्शलीज बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचारा. एक जादा फोन मी घेऊन ठेवलाय, कोड यायला.

हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या त्या बाई गेल्या महिन्यात वाचनालयात भेटल्या. त्यांनी विचारलं, “ते परत येतंय म्हणतात, खरं का?” मी हो म्हटलं. त्यांनी पर्स उघडून दाखवली. या वर्षीच्या सगळ्या पगाराच्या पावत्या, रबर लावून, तारखेप्रमाणे.